शीर नंतर, आधी शेजारचा खडक

कोकणातली भूशास्त्र घेतलेली मुलं विचारतात, उष्णजलीय धातुशिरांवर (खोलातल्या गरम पाण्याने खडकाच्या भेगांत साठवलेल्या खनिजांच्या पट्ट्यांवर) काम करायचं तर सुरुवात कुठून करू? मी सांगतो, शिरेला चिकटलेल्या खडकापासून.

रत्नागिरीकडे बहुतेक बेसाल्ट. कणकवली, सावंतवाडीकडे मात्र जुने नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, उघडे पडलेत आणि त्यांत गारेच्या (क्वार्ट्झच्या) पांढऱ्या शिरा दिसतात. नवखा माणूस गार फोडतो, पिशवीत टाकतो आणि पुढे जातो. पण गार म्हणजे बहुतेक सिलिकाच. गरम पाण्याने काय आणलं, काय नेलं, ते कडेच्या खडकात कळतं. भिंग लावून पाहा: फेल्डस्पार या खडकातल्या नेहमीच्या खनिजाची चकाकी गेलेली असते, तिथे बारीक, रेशमी सेरिसाइट, म्हणजे बारीक कणांचा अभ्रक, आलेला असतो. या बदलात खडकाला पोटॅशियम मिळतं, सोडियम निघून जातं.

सोन्याच्या शिरांत तर हा शेजार फार मोलाचा. सोनं पाण्यात गंधकाच्या आधाराने विरघळलेलं असतं. खडकातलं लोह तो गंधक ओढून घेतं, पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) तयार होतं आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. कर्नाटकातल्या हट्टीला शिरांबरोबर बदललेल्या खडकातही सोनं आहे, ते उगाच नाही.

म्हणून शिरेच्या कडेपासून ताज्या, न बदललेल्या खडकापर्यंत ओळीने नमुने घ्या. आपल्याकडे अडचण जांभ्याची, म्हणजे पावसापाण्याने कुजून झालेल्या तांबड्या खडकाची. पावसानेही सोडियम धुऊन जातं आणि केओलिन ही पांढरी माती तयार होते, तेव्हा सोडियम घटलं एवढ्यावरून काही ठरवू नका. पोटॅशियम वाढलंय का ते बघा. जांभ्याच्या चिरेखाणी सोडा. ओढ्याचं पात्र किंवा रस्त्याची नवी, खोल कटिंग गाठा.

प्रयोगशाळेत नमुने दळताना टंग्स्टन कार्बाइडचं भांडं नको. त्यातून टंग्स्टन आणि कोबाल्ट नमुन्यात उतरतात, आणि सोन्याच्या शिरांत टंग्स्टन हीच एक मोठी खूण असते. अगेटचं (अकीक दगडाचं) भांडं मागून घ्या, वेळ लागला तरी चालेल.

रासायनिक तपासणीचे आकडे आले की टक्केवारी थेट ताडून पाहू नका. सिलिका वाढली की बाकीचं सगळं आपोआप घटल्यासारखं दिसतं. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, झिर्कोनियम ही सहसा जागची न हलणारी मूलद्रव्यं धरून हिशेब मांडा. ग्रँट यांची 1986 ची आयसोकॉन पद्धत, म्हणजे ताज्या आणि बदललेल्या खडकाचे आकडे एकमेकांसमोर मांडून न हललेल्या मूलद्रव्यांतून रेष काढणं, आलेखाच्या कागदावरही जमते.

एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा. बीएस्सीला रसायनशास्त्र मात्र सोडू नका.