विंडो बंद केल्यावर प्रोग्रामही थांबावा यासाठी: जावा स्विंगमधील योग्य पद्धत

मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळीचे वजन थेट काट्यावरून संगणकात घेऊन पावती छापणारा प्रोग्राम जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतील विंडो बनवण्याच्या संचात) लिहायचा असेल, तर विंडोची फुली दाबल्यावर काय व्हावे, हे आधीच ठरवावे लागते. ते ठरवले नाही, तर जेफ्रेम, म्हणजे स्विंगची मुख्य विंडो, ‘हाइड ऑन क्लोज’ (बंद केल्यावर लपणे) हे आपले मूळ वर्तन पाळते. विंडो नजरेआड होते, प्रोग्राम मात्र चालूच राहतो. पहाटे होड्या धक्क्याला लागल्यावर तोच प्रोग्राम पुन्हा उघडला, की काट्याचा कॉम पोर्ट (काटा संगणकाला जोडण्याची जागा) जुन्या प्रोग्रामने अडवून ठेवलेला असल्यामुळे वजन येतच नाही, आणि लोक काट्याची केबल तपासत बसतात.

‘एक्झिट ऑन क्लोज’ दिले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. त्याने ‘सिस्टिम एक्झिट’ होते आणि सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामे, असतील तिथे तुटतात. साध्या, एकाच विंडोच्या प्रोग्रामला हे पुरेसे आहे. परंतु त्याच क्षणी पावतीची नोंद फाइलमध्ये लिहिली जात असेल, तर ती अर्धवट राहू शकते. ज्या नोंदीवर व्यापारी आणि तांडेल यांचा हिशेब व्हायचा, तिच्याबाबत हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून ‘डू नथिंग ऑन क्लोज’ ठेवून ‘विंडो क्लोजिंग’ ही घटना आपण स्वतः हाताळावी. पावती अपुरी असेल तर वापरणाऱ्याला विचारावे, आणि मग काटा वाचणाऱ्या थ्रेडला ‘व्होलाटाइल’ बूलियनने (सर्व थ्रेडना ताजे मूल्य दिसेल अशा हो-नाही चलाने) थांबण्याची खूण द्यावी. मेख पुढेच आहे: हा थ्रेड बहुतेक वेळ पोर्टवर पुढच्या वजनाची वाट पाहत अडकलेला असतो, त्यामुळे ती खूण त्याला दिसतच नाही, आणि ‘इंटरप्ट’ने (थ्रेडला मध्येच थांबण्याचा इशारा देणाऱ्या आज्ञेने) तो जागा होईलच याचा भरवसा नसतो. पोर्ट उघडतानाच वाचनाला एखाद्या सेकंदाची मुदत घालावी, प्रत्येक फेरीत खूण तपासावी आणि पोर्ट त्याच थ्रेडच्या ‘फायनली’ भागात (काम कसेही संपले तरी शेवटी चालणाऱ्या भागात) बंद करावा. थ्रेड संपेपर्यंत विंडोच्या घटना हाताळणाऱ्या थ्रेडला ताटकळत ठेवू नये, कारण तेवढा वेळ विंडो गोठते. काम आटोपल्यावर काट्याच्या थ्रेडनेच ‘इन्व्होक लेटर’मधून, म्हणजे काम विंडोच्या थ्रेडकडे सोपवून, विंडोचे ‘डिस्पोज’ (ती कायमची मोडून टाकणे) करवून घ्यावे. थ्रेडला ‘डेमन’ करण्याची पळवाट येथे उपयोगाची नाही, कारण जावा अशा थ्रेडसाठी थांबत नाही आणि ‘फायनली’ चालेलच असे नसते. ‘जावा युटिल’मधील टायमर वापरला असेल, तर तोही रद्द करावा.

एवढे करूनही प्रक्रिया उरलीच, तर ‘जेस्टॅक’ हे चालू थ्रेडची यादी दाखवणारे जावाचे साधन चालवून ज्या थ्रेडपुढे ‘डेमन’ हा शब्द नाही ते पाहावेत. ‘डिस्ट्रॉय जावा व्हीएम’ हा जावाचा स्वतःचा थ्रेड तेथे दिसणारच, तो सोडून द्यावा. ‘एडब्ल्यूटी इव्हेंट क्यू’, म्हणजे विंडोच्या घटना हाताळणारा थ्रेड, दिसला, तर बहुधा स्वतंत्रपणे उघडलेली एखादी दुसरी विंडो लपवलेली आहे, पण ‘डिस्पोज’ केलेली नाही.