ओट्यावरचा समुद्र: हवेतला कार्बन पाण्यात कसा मुरतो आणि पुढे कुठे जातो, हे घरी कसं पाहावं

गाड्या, कारखाने, वीजघरं यांतून आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सरासरी पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) 8.2 च्या आसपास होता, आता 8.1 च्या जवळ आलाय. एवढंच? पण पीएचची एकेक पायरी दसपटीची असते. या एका दशांशात आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन 25 ते 30 टक्के वाढलेत.

हे सगळं स्वयंपाकघरात दाखवता येतं. लागेल काय? लाल कोबीची चार पानं, मीठ, खायचा सोडा, बीट, स्ट्रॉ, काचेचे तीन ग्लास आणि एक लांबट काचेचं भांडं. कोबीचं पाणी आम्ल वाढलं की निळ्याचं जांभळं होतं, तोच आपला पीएच दाखवणारा रंग. गोकर्णीची फुलं दारात असली तरी ती नकोत. इतक्या सौम्य आम्लाने तिचा निळा रंग फारसा हलत नाही, तिला लिंबूच पिळावं लागतं.

आदल्या रात्री बीट उकळून त्या लाल पाण्याचा बर्फ लावा.

आता समुद्राचं पाणी. ते गिरगाव चौपाटीवरून बाटलीत भरून आणू नका. तिथल्या पाण्यात सांडपाणी आणि कुजणारा कचरा मिसळलेला असतो, त्यानेही पीएच उतरतो. मग दोष कार्बनचा की गटाराचा, कळणार कसं? शिवाय बाजारातल्या पीएच पट्टीवर एक दशांशाचा फरक दिसतही नाही. त्यापेक्षा एक लिटर नळाच्या पाण्यात 35 ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट टेबलस्पून, विरघळवा आणि खायचा सोडा अगदी चिमटीच्या टोकावर येईल एवढाच घाला. सोडा जास्त पडला तर फुंकून फुंकून दमाल.

कोबी चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, गाळा. दोन ग्लासांत खारं पाणी, तिसऱ्यात नळाचं. प्रत्येकात दोन-दोन चमचे कोबीचं पाणी. एक खारा ग्लास तुलनेसाठी तसाच ठेवा. उरलेल्या दोघांत स्ट्रॉने एकेक करून फुंका. (मुलांना बजावा, ओढायचं नाही!) नळाचं पाणी लवकर जांभळट होतं, खारं बराच वेळ निळेपणा धरून राहतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतं, आणि समुद्रात आधीपासून असलेले कार्बोनेट, बायकार्बोनेट त्यातून सुटणारा हायड्रोजन पकडून ठेवतात; आपल्या ग्लासात ते काम सोड्याने केलं. पण या पकडण्यात कार्बोनेट खर्ची पडतं, आणि तिसऱ्या (शिंपले), कालवं, पोवळी आपलं कवच बांधतात ते त्याच कार्बोनेटवर. समुद्राचं व्हिनेगर होणार नाही, त्याचा पीएच 7 च्या वरच राहील. बांधकामाचा माल मात्र कमी पडत चाललाय.

इथे बहुतेक जण थांबतात. खरी गंमत पुढे आहे: वर मुरलेला कार्बन खाली जातो कसा?

लांबट भांड्यात नळाचं साधं पाणी भरा, ते निवळू द्या आणि एका टोकाला बिटाचा बर्फ अलगद सोडा. लाल धागे तळाकडे उतरतात आणि तळातळाने दुसऱ्या टोकापर्यंत सरकतात. मी पहिल्यांदा आळसाने उरलेलं खारं पाणीच वापरलं, तर लाल रंग मिसळीवरच्या तर्रीसारखा वरच तरंगत राहिला. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यात बुडेना. चूक झाली, पण कामाची. ग्रीनलंडजवळ, लॅब्राडोर समुद्रात पाणी थंड आणि खारं असतं म्हणून जड होऊन बुडतं, आणि विरघळलेला कार्बन सोबत नेतं. वितळत्या बर्फाचं गोडं पाणी तिथे वर पसरलं की बुडणं मंदावतं. अशी बुडण्याची ठिकाणं मोजकीच, दुसरं मोठं अंटार्क्टिकाभोवती. बाकी सगळीकडे वरचा कोमट थर झाकणासारखा बसलेला. म्हणून माणसाने सोडलेल्या कार्बनपैकी समुद्रात गेलेला जवळपास निम्मा भाग वरच्या 400 मीटरमध्येच सापडतो. तळाशी गेलेलं पाणी मात्र पुन्हा वर यायला शेकडो वर्षं घेतं.

शेवटचा खेळ. तळाशी लाल थर बसला की एका टोकाकडून पृष्ठभागावर आडवं, सलग फुंका. वरचं पाणी पुढे ढकललं जातं आणि तुमच्या बाजूला लाल पाणी वर चढतं. मुंबईवर पाऊस आणणारा नैऋत्य वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर असंच खालचं पाणी वर आणतो. काही प्रमाणात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पाणी असं वर येतं. खालून येणारं हे पाणी थंड असतं, आणि मेलेल्या प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) कुजण्यातून साठलेल्या कार्बनमुळे त्याचा पीएच आधीच कमी असतो. त्यावर आपल्या धुराची भर.

लाल थर फार वेळ टिकत नाही, दहा-बारा फुंकांत सगळं गुलाबी होतं. तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ आधीच सुरू करून ठेवा. उरलेलं कोबीचं पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, झाकण तेवढं घट्ट लावा. वास सुटला की घरातले विचारणारच.