चुंबकी काचेचा आयमॅक घरी उघडताना

ॲपलने २००९च्या अखेरीस साडेएकवीस आणि सत्तावीस इंची पडद्यांचे ॲल्युमिनियमचे आयमॅक, म्हणजे पडद्यामागेच सगळा संगणक सामावलेली यंत्रे, आणले आणि २०११च्या मॉडेलापर्यंत त्यांची बांधणी जवळजवळ तशीच ठेवली. घरच्या टेबलावर उघडावा असा आयमॅक हवा असेल, तर तो याच काळातला घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. या यंत्रांची पुढची काच केवळ चुंबकांनी धरलेली असते. २०१२च्या अखेरीस आलेल्या पातळ मॉडेलांत मात्र काच आणि पडदा एकत्र करून चौकटीला चिकटपट्टीने चिकटवलेले असतात; तेथे पट्टी कापावी लागते, बंद करताना नवी लावावी लागते आणि कापताना हात घसरला तर पडदाच जातो. पुढील सर्व सूचना चुंबकी काचेच्या यंत्रांपुरत्या आहेत.

यंत्र उघडण्याआधी काही गोष्टी बाहेरूनच तपासून घ्याव्यात. यंत्र सुरू होताना दर पाच सेकंदांनी एक बीप येत असेल, तर रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) सापडत नाही असा त्याचा अर्थ होतो. तीन बीप आणि मग विराम असा क्रम असेल, तर रॅम सदोष आहे. रॅमसाठी काच काढावीच लागत नाही, कारण खालच्या कडेची झडप तीन स्क्रू काढताच उघडते. कोकणासारख्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, तेव्हा त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवल्यावर कित्येकदा पुढचे सगळे काम वाचते. हार्ड डिस्क बदलायची असेल, तर जुनी डिस्क चालते आहे तोवरच बॅकअप घ्यावा आणि मॅकओएस ही ॲपलची कार्यप्रणाली बसवण्याचा पेनड्राइव्हही तयार ठेवावा. या यंत्रांवर अधिकृतपणे चालणारी तिची शेवटची आवृत्ती हाय सिएरा ही आहे.

हत्यारे मोजकीच लागतात: टी-१० मापाचा टॉर्क्स (ताऱ्याच्या टोकाचा) स्क्रू ड्रायव्हर, लहान फिलिप्स (अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा), प्लॅस्टिकची पट्टी, मऊ ब्रश आणि काच उचलण्याचे दोन रबरी सक्शन कप. टॉर्क्स बिट पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. स्क्रू ड्रायव्हरचे टोक चुंबकी असावे, कारण चौकटीतले चुंबक सुटलेला स्क्रू आपल्याकडे ओढून घेतात.

प्लग काढल्यावर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि त्यानंतरही काही वेळ थांबावे. या यंत्रांत वीजपुरवठ्याचा सर्किट बोर्ड आतच बसवलेला असतो आणि त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा भार प्लग काढल्यावरही राहू शकतो. त्या बोर्डाला बोट किंवा धातूचे हत्यार लावू नये. तोच बिघडला असेल, तर घरी डाग देत बसण्यापेक्षा तो पूर्ण बदलणे शहाणपणाचे.

यंत्र जाड चादरीवर पाठीवर झोपवावे. सक्शन कप काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर लावून काच सरळ वर उचलावी. वरच्या कडेच्या आतल्या बाजूस पोलादी खुंट्या असतात. त्या मोकळ्या झाल्यावरच काच खालच्या कडेपासून दूर ओढावी. आता पडद्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून आठ टी-१० स्क्रू काढावेत.

खरी कसोटी यानंतर लागते. पडदा वरच्या कडेने थोडासाच उचलावा, कारण तो चार केबलींनी आतल्या भागांना जोडलेला असतो. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळची व्हर्टिकल सिंकची (चित्राचा ताल जुळवणारी) केबल सर्वांत नाजूक असते, म्हणून ती आधी काढावी; मग बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या उजेडाच्या) विजेची, पडद्याच्या डेटाची आणि शेवटी पडद्याच्या तापमान-सेन्सरची. डेटा केबलच्या कनेक्टरच्या दोन्ही बाजू दाबल्याखेरीज तो ओढू नये. केबल काढण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढावा, कारण दोन तासांनी केवळ आठवणीवर विसंबून चालत नाही.

यंत्र सुरूच होत नसेल, तर मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) ओळीने असलेले चार छोटे एलईडी मोठा आधार ठरतात. ते पाहण्यासाठी पडद्याच्या केबली जोडलेल्याच ठेवून तो वरच्या बाजूने उचलून टेकू द्यावा, प्लग लावावा आणि हात पूर्ण बाहेर ठेवावेत. पहिला दिवा प्लग लावताच लागतो. तो लागला नाही, तर वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. दुसरा दिवा बटण दाबल्यावर बोर्डाला योग्य वीज मिळते आहे हे दाखवतो, तिसरा ग्राफिक्स कार्डाशी आणि चौथा पडद्याशी संपर्क झाल्याचे सांगतो. चारही दिवे लागूनही पडदा काळाच राहिला, तर त्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसटसे चित्र दिसल्यास दोष बॅकलाइटच्या बाजूला असतो.

हार्ड डिस्क काढणे सोपे आहे, पण ती बदलल्यावर पंखा सतत पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि अनेकांना वाटते की आपण काहीतरी मोडले. २००९ व २०१० च्या मॉडेलांत डिस्कवर तापमानाची वेगळी केबल असते आणि तिची जोडणी डिस्कच्या कंपनीनुसार बदलते. २०११ च्या मॉडेलात तापमानाची माहिती विजेच्या केबलमधूनच येते आणि त्यासाठी डिस्कमध्ये खास फर्मवेअर (डिस्कमध्येच भरलेली आज्ञावली) असते. एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) बसवणाऱ्याने वेगळा सेन्सर असलेली जोडकेबल वापरावी किंवा मॅक्स फॅन कंट्रोल या प्रणालीने पंखा आवरावा. जुनी डिस्क धडधाकट असेल, तर ती जागीच ठेवून डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (त्याच मापाच्या चौकटीत) एसएसडी बसवण्याचा मार्ग मला अधिक पसंत आहे. मात्र डीव्हीडी ड्राइव्हवर चिकटवलेला सेन्सर सोलून कॅडीवर लावायला विसरू नये.

धूळ काढताना तिन्ही पंखे बोटाने धरून ठेवावेत. सत्तावीस इंची २०११ च्या मॉडेलातील रेडिऑन एचडी ६९७०एम हे ग्राफिक्स कार्ड बिघडण्यासाठी कुप्रसिद्ध झाले आणि ॲपलला ते बदलून देण्याची योजना आखावी लागली. असे कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय फार टिकत नाही आणि घरातल्या ओव्हनसाठी तो घातकही आहे. कार्ड बदलणेच योग्य.

केबली उलट क्रमाने जोडल्यावर काच लगेच बसवू नये. पडद्याचे दोन स्क्रू वरच्या कोपऱ्यांत लावून यंत्र अर्धा तास चालवावे आणि पंख्यांचा आवाज ऐकावा. पंखे मुकाट्याने फिरत असतील, तर सेन्सर बरोबर जोडले गेले आहेत. पंखे गोंगाट करत असतील, तर प्लग काढून प्रत्येक सेन्सरची केबल फोटोशी ताडून पाहावी. सर्व ठीक असल्यावर उरलेले सहा स्क्रू लावावेत आणि काचेची आतली बाजू व पडदा मऊ मायक्रोफायबरने, खोलीतला पंखा बंद ठेवून पुसावेत, कारण आत अडकलेला एक केसही पुढे रोज डोळ्यांना खुपतो. खालची कड आधी टेकवून काच हळूच खाली सोडली की चुंबक तिला जागेवर ओढून घेतात.