एलकॅपच्या हिअरिंगला जायच्या आधी

एलकॅप म्हणजे शाळांचे पैसे कुठे खर्च करायचे त्याचा आराखडा. त्यावरच्या जूनमधल्या हिअरिंगची, म्हणजे जाहीर सुनावणीची, तयारी जूनमध्ये सुरू करू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. शाळेतला संगीताचा तास वाचवायला भाषण पाठ करून गेले, टाळ्याही मिळाल्या, आणि पुढच्या बैठकीत मसुदा होता तसा मंजूर झाला. पैसे कुठे जाणार ते कधीच ठरून गेलं होतं.

कॅलिफोर्नियात पूर्वी शाळांचे बरेचसे पैसे राज्याच्या राजधानीहून, सॅक्रामेंटोहून, वेगवेगळ्या पाकिटांत यायचे, आणि एका पाकिटातले दुसऱ्या कामाला सहसा वापरता यायचे नाहीत. 2013 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात यांतली बहुतेक पाकिटं मोडली. आता प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम मिळते. गरीब घरातलं, इंग्रजी शिकत असलेलं किंवा फॉस्टर केअरमधलं (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेलं) मूल असेल तर वर 20 टक्के. अशी मुलं 55 टक्क्यांहून जास्त असली तर आणखी भर. खर्च कशावर करायचा ते डिस्ट्रिक्टचं, म्हणजे आपल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, बोर्ड ठरवतं. त्या बदल्यात तीन वर्षांचा आराखडा, म्हणजे एलकॅप, दरवर्षी 1 जुलैच्या आत मंजूर करावा लागतो. थोडक्यात, भांडायचं ठिकाण सॅक्रामेंटोहून आपल्या गल्लीत आलं.

म्हणून पहिलं काम ऑगस्टमधलं: फॉर्म. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारतात तिथे आपल्यातले काही जण मुलावर शिक्का बसेल या भीतीने ‘इंग्लिश’ लिहितात. घरात मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. पुढे चाचणी होते, आणि मूल खरंच इंग्रजी शिकत असेल तर त्याला मदत मिळते नि डिस्ट्रिक्टला ते वाढीव पैसे. उत्पन्नाचा फॉर्मही भरा. जेवण आता सगळ्यांनाच फुकट असल्यामुळे तो बाजूला पडतो, पण गरीब घरातल्या मुलांची मोजणी त्यावर चालते.

डिसेंबरची तिकिटं काढताना हेही लक्षात असू द्या की पैसे पटावर नाही, हजेरीवर मिळतात. चुलतभावाच्या लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला जाणार असाल तर आधी ऑफिसात जाऊन ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार विचारा. गृहपाठ बरोबर न्यावा लागतो, आजी-आजोबा वैतागतात, पण नियमाप्रमाणे पूर्ण केला तर ते दिवस हजेरीत धरता येतात.

फेब्रुवारीची बैठक चुकवू नका. 28 तारखेच्या आत बोर्डापुढे मध्यावधी अहवाल ठेवावाच लागतो, आणि ठरवलं काय नि झालं काय ते तिथे दिसतं. त्याच सुमारास पालक सल्लागार समितीत शिरता आलं तर उत्तम. समितीच्या लेखी सूचनांना सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, लेखी उत्तर द्यावं लागतं. माझ्या भाषणाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मसुदा हातात आला की सुरुवातीची गोड पानं सोडा आणि खर्चाच्या तक्त्यांवर जा. मूळ रकमेचा मोठा वाटा पगारांत जातो, तिथे फार हात घालता येत नाही. वाढीव पैसे मात्र ज्या मुलांमुळे आले त्यांच्यासाठी सेवा वाढवायला किंवा सुधारायला आहेत. ते सगळ्या शाळेवर खर्च होत असतील तर त्या मुलांना त्याचा फायदा कसा, याचं समर्थन मसुद्यात असायला हवं. ते सापडलं नाही तर पान क्रमांकासकट तोच प्रश्न विचारा.

हिअरिंग आणि मंजुरी एकाच बैठकीत करता येत नाही, तेव्हा दोन्ही तारखा लिहून ठेवा. बैठकीचा अजेंडा 72 तास आधी जाहीर होतो. बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा मागणी एकच ठेवा आणि कागदावरही द्या. आणि जेवून जा. आपला विषय कधीकधी रात्री दहाला निघतो. मी आता पर्समध्ये चिवड्याचा डबा ठेवते.