धरण काढायच्या कामात यायचंय? मग आधी डेटम बघायची सवय लावा

महिनाभरात तीन-चार जणांनी विचारलं, ताई, नाशिकला बसून परदेशातली जुनी वीज-धरणं काढायच्या कामात तुम्ही कशा शिरलात, आम्हालाही यायचंय. म्हणून एकदाच लिहिते. सिव्हिल झालंय, हायड्रॉलिक्स येतं, हेक-रास (नदीच्या पाण्याचा प्रवाह मांडणारं सॉफ्टवेअर) चालवता येतं असं धरून चालते.

हे काम काँक्रीट फोडायचं नाही, गाळाचं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॉन्डिट धरणाच्या बुडाशी २६ ऑक्टोबर २०११ ला भोक पाडलं आणि दोन तासांच्या आत तलाव रिकामा झाला, तो व्हिडिओ बघून मीही भारावले होते. पण तिथल्याच एल्वा नदीचं बघा. १९१३ चं एल्वा आणि १९२७ चं ग्लाइन्स कॅन्यन, दोन धरणं काढायला २०११ ते २०१४ लागले, कारण मागे दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ साचलेला, आणि तो खालच्या पाण्याच्या प्लँटमध्ये शिरल्यावर जवळपास वर्षभर पाडकाम थांबवावं लागलं. म्हणजे गाळ किती आणि कसला, हे सांगणारा माणूस लागतो. ते आपण.

आता मी कुठे अडकले ते नीट सांगते, कंटाळा आला तरी वाचा. गाळ मोजायची पद्धत सोपी वाटते. धरण बांधायच्या आधीचा कंटूर नकाशा (जमिनीच्या उंचीच्या रेषांचा) घ्या, आत्ताचा बोटीवरून केलेला सर्व्हे घ्या, एकातून दुसरा वजा करा. मी तेच केलं. जुना नकाशा १९२९ च्या डेटमवर, म्हणजे उंची जिथून मोजतात त्या शून्य पातळीवर होता आणि नवा सर्व्हे १९८८ च्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे या दोन डेटममध्ये मीटरभराचा फरक पडतो, म्हणजे तोच दगड जुन्या नकाशात ३०० मीटरवर असेल तर नव्यात ३०१ वर दिसतो, दगड मात्र हललेलाच नसतो. तलाव ४० हेक्टरचा. ४ लाख चौरस मीटर गुणिले १ मीटर, म्हणजे जो नाहीच असा ४ लाख घनमीटर गाळ मी रिपोर्टात लिहिला. १६ घनमीटरचा हायवा डंपर धरला तर २५,००० फेऱ्या!

सॉफ्टवेअरने एकही एरर दिली नाही. देणारच नाही, त्याला दोन आकडे दिले, त्याने वजा केले. रिपोर्ट वर गेला. परत आला तेव्हा सोबत एकच ओळ होती, काठावरच्या रस्त्यावर गाळ कसा?

मी फरकाचा नकाशा उघडून बघितला तर खरंच, रस्ता, सांडव्याचा माथा, उजव्या काठाचा उभा कातळ, सगळीकडे तोच तपकिरी रंग, सगळीकडे एकसारखा मीटरभर. पूर्ण आठवडा तो नकाशा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी फक्त खालचा एकूण आकडा बघत होते. त्या रात्री झोप लागली नाही. आजही नवीन फाइल आली की पोटात गोळा येतो.

म्हणून वजाबाकीआधी जिथे गाळ बसूच शकत नाही अशा पाच-सहा जागा शोधा. पुलाचा पाया, सांडवा, उघडा खडक. तिथे फरक शून्याच्या जवळ आला तरच पुढे जा. नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं झूम करून वाचा, आणि डेटम लिहिलेलाच नसेल तर अंदाज बांधू नका, विचारा. विचारल्याने कोणी कमी लेखत नाही, न विचारता पाठवल्याने लेखतात.

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही, आणि तीन आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नका असंच माझं ठाम मत आहे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका आमच्या कॉलनीत राहतात, आयुष्यभर लेव्हल लावलेला माणूस. मी रडकुंडीला येऊन सांगितलं तर म्हणाले, "अगं, आधी बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली खूण बघायची, मग बाकी सगळं." नाशिकमध्ये मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, धरणांवर आयुष्य घालवलेली अशी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतील. चहाला बोलवा त्यांना.

अजून एक, आपल्याकडे गाळ म्हटलं की गाळयुक्त शिवार डोक्यात येतं, काढला की शेतात टाकला. जुन्या औद्योगिक नद्यांवर असं समजू नका. अमेरिकेतल्या हडसन नदीवरचं फोर्ट एडवर्ड धरण १९७३ मध्ये काढलं आणि मागे अडकलेला पीसीबी या कारखान्यांतल्या रसायनाचा विषारी गाळ खाली वाहत गेला. नमुने तपासल्याशिवाय "गाळ निर्धोक" असं रिपोर्टात लिहू नका, कोणी कितीही घाई करो. आणि प्रत्येक बंधारा काढायलाच हवा असंही नाही, आपल्या नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यामागच्या गाळावरच तर पाणथळ झालं, जिथे थंडीत पक्षी येतात आणि आता ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीतही आहे.

भारतात हे काम जवळपास नाहीच, इथे धरणांच्या दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे सुरुवातीला परदेशी क्लायंटच्या वेळेनुसार रात्री जागावं लागेल आणि पहिलं वर्षभर तुमचं नाव कुठेच नसेल. घाबरू नका पण. माझी चूक पकडली गेली, मी अकरा दिवसांत सगळं काम पुन्हा केलं, कामावरून कोणी काढलं नाही.

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली आणि त्याच ऑक्टोबरात त्या चारांतल्या सगळ्यात वरच्या धरणाच्याही वर, ओरेगॉनमध्ये सामन मासे दिसले, शंभराहून जास्त वर्षांनी. माझा त्या कामाशी काहीही संबंध नव्हता. तरी ती बातमी मी गंगापूर रोडवर गाडी बाजूला घेऊन दोनदा वाचली आणि घरी येऊन आईला वाचून दाखवली.