ट्रॅप फिरतोय म्हणजे रात्रभर फिरला, असं नाही

सॅमन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) यांच्या नदीतून समुद्राकडे उतरणाऱ्या पिल्लांच्या मोजणीवर पहिल्यांदा जाणारी मुलं मला सगळ्यात आधी विचारतात, "वेडर्स कुठले घेऊ?" पाण्यात उतरायची ही जलरोधक पँट कुठलीही घ्या, एप्रिलपर्यंत गळणारच आहे. मी अडकले ते भलत्याच ठिकाणी.

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातली. पहिल्या पावसात वलगणीचे मासे वर चढताना बघत मोठी झाले, आणि काम मिळालं ते उतरणाऱ्या माशांचं: वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंडला मिळणाऱ्या एका नदीवर. रोटरी स्क्रू ट्रॅप तुम्ही फोटोत पाहिला असेलच. दोन पाँटूनांच्या, म्हणजे तरंगत्या तराफ्यांच्या, मध्ये अर्धा बुडालेला, भोकाभोकांच्या पत्र्याचा शंकू. प्रवाहच त्याला फिरवतो आणि आत शिरलेलं पिल्लू आट्यांमधून मागच्या पेटीत जाऊन पडतं. आमचा ८ फुटी होता. फिरत्या शंकूजवळ हात नेऊ नका, एवढं आत्ताच सांगून ठेवते. काडी अडकलेली दिसली तरी आधी शंकू उचला.

एप्रिल संपत आला होता, रात्री पाऊस झाला. सकाळी ७ ला पोचले तर पाणी गढूळ, चढलेलं, आणि शंकू मस्त फिरत होता. पेटीत कोहो सॅमनचे स्मोल्ट, म्हणजे समुद्राकडे निघालेली पिल्लं, फक्त १९. आदल्या रात्री दीडशे होते. मी वहीत १९ लिहिले, शंकूचे फेरे मोजणाऱ्या काउंटरचा आकडाही लिहिला आणि चहा प्यायला गेले. शंकूच्या कडेला ऑल्डर झाडाच्या सालीचा ओला, तांबूस ओरखडा होता. तो मला दिसला होता. त्यावरून काही सुचलं मात्र नाही.

जूनमध्ये आमच्या क्रूच्या बाईंनी वही उघडली आणि काउंटरच्या सकाळच्या आकड्यातून संध्याकाळचा वजा केला. पाणी चढत-उतरत असल्याने शंकूचा वेग आपण दोनदा मोजतो, संध्याकाळी आणि सकाळी. त्या दिवशी सरासरी आली होती मिनिटाला ५ फेरे, म्हणजे तासाला ३००. संध्याकाळी ६ ते सकाळी ७ असे १३ तास धरले, तर ३,९०० फेरे व्हायला हवेत. काउंटरवर झाले होते १,२००. म्हणजे ट्रॅप जेमतेम ४ तास चालला होता. ओंडका येऊन अडकला, ९ तास शंकू जाम राहिला आणि पहाटे कधीतरी ओंडका आपोआप निघून गेला. मी पोचेपर्यंत सगळं पुन्हा सुरळीत.

१९ हा आकडा खोटा नव्हता. पण तो ४ तासांचा होता आणि मी तो रात्रीचा म्हणून लिहिला. पुढे काय होतं बघा. काही माशांना खूण करून वरच्या अंगाला सोडतो, त्यातले किती परत सापडतात त्यावरून ट्रॅपची कार्यक्षमता काढतो. १०० सोडले, ५ सापडले, तर ५ टक्के. मग पेटीतल्या प्रत्येक माशामागे नदीतून २० उतरले असं धरायचं. त्या रात्री दीडशेच उतरायचे होते असं धरलं तरी माझ्या वहीत १३१ कमी, म्हणजे अंदाजात २,६२० मासे गायब! आणि मासे उतरतात मुख्यतः रात्री, त्यातही पाणी चढलेल्या गढूळ रात्री. लाकूडही त्याच रात्री वाहून येतं. म्हणजे ट्रॅप बंद पडतो तो नेमका मासे सर्वांत जास्त असताना. "एखादी रात्र गेली तर सरासरीत जिरून जाईल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जिरत नाही.

त्यात त्याच संध्याकाळी खुणेचे मासे सोडलेले असतील तर आणखी घोळ. ते जाम ट्रॅपला सापडत नाहीत, कार्यक्षमता कमी दिसते आणि अंदाज उलट फुगतो. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील या आशेवर राहू नका. ती चाचणी बाद करा.

घाबरू नका पण. हे निस्तरता येतं. "ट्रॅप बंद, इतके तास" असं लिहिलेलं असेल तर आजूबाजूच्या रात्रींवरून तो खड्डा भरता येतो. काहीच न लिहिता नुसते १९ लिहिले, तर खड्डा आहे हेच कुणाला कळत नाही. वजाबाकी तिथेच, पाँटूनवर उभं राहून करा. मी आता पेन्सिलीने पानाच्या कडेला करते. पावसात पेन चालत नाही.

ओळख पटवण्याचं फार टेन्शन घेऊ नका, दोन आठवड्यांत डोळा बसतो. कोहोच्या गुदपराची (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडच्या पराची) पुढची कड लांब आणि पांढरी असते, चम जातीच्या सॅमनच्या पिल्लाच्या अंगावरचे पट्टे आखूड आणि पार्श्वरेषेच्या वरच थांबलेले. स्टीलहेड आणि कटथ्रोट या दोन्ही ट्राउटची अगदी लहान पिल्लं नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येत नाहीत. तिथे सरळ "ट्राउट" लिहा. फोटो काढून घरी ओळखू म्हणणाऱ्यांचं मला कौतुक नाही. मासा हातात असताना जे दिसलं नाही ते फोनमध्ये काय दिसणार? लांबीचा आकडा ५ च्या पटीत ढकलणारे तर त्याहून वाईट. स्टीलहेडचे मोठे स्मोल्ट जोरात पोहून ट्रॅप चुकवतात, म्हणून कोहोची कार्यक्षमता त्यांना लावू नका.

शिकायचं कुणाकडून? माझं मत एकांगी असेल, पण पदव्यांकडे बघू नका. दहा सीझन ट्रॅपवर काढलेली टेक्निशियन शोधा आणि तिच्या मागे बादली घेऊन फिरा.

अर्ज हिवाळ्यातच टाका. केंद्र सरकारच्या जागांना बहुतेक वेळा अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळे आपल्यासारख्यांनी राज्याचा मत्स्यविभाग आणि ट्राइब्सचे, म्हणजे मूळ अमेरिकन जमातींचे, विभाग बघावेत. १९७४ च्या बोल्ट निकालापासून (ट्राइब्सचे करारातले मासेमारीचे हक्क मान्य करणारा न्यायालयाचा निकाल) पश्चिम वॉशिंग्टनमध्ये ट्राइब्स या माशांच्या व्यवस्थापनात बरोबरीचे भागीदार आहेत आणि स्वतःचे ट्रॅपही चालवतात.

आणि वेडर्सचं विचारलंच आहे तर, एक माप मोठे घ्या. आत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड मावले पाहिजेत.