नागपुरात नव्याने दवाखाना थाटणाऱ्यांसाठी: व्यायामाची चिठ्ठी कशी लिहावी

मी मूळची सांगलीची. नोकरीच्या निमित्ताने नागपूरला आले आणि इथलीच झाले. आता दक्षिण नागपुरात माझा स्वतःचा दवाखाना आहे. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, खानदेशातून नव्याने आलेले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट भेटले की भाडं, डिपॉझिट, कोणत्या भागात प्रॅक्टिस चालेल हे विचारतात. ते कळायला वेळ लागत नाही. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, गुडघेदुखीच्या पेशंटला या शहरात व्यायामाला नेमकं कुठे पाठवायचं, हे कळायला मात्र फार वेळ लागतो. म्हणून हे लिहिते आहे.

‘रोज फिरत जा’ एवढंच सांगून पेशंटला उठवू नका. पुढच्या वेळी तो नम्रपणे म्हणेल, “फिरून राहिलो नं जी.” कुठे, किती वाजता, कुणासोबत, असं विचारलंत की उत्तर अडखळतं. औषधाच्या चिठ्ठीवर आपण गोळीचं नाव, मात्रा आणि वेळ लिहितो. व्यायामाच्या चिठ्ठीवरही जागेचं नाव, वेळ, मिनिटं आणि सोबत कोण, हे लिहायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीच्या पुढच्यांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून 3 दिवस. पेशंटला हे आकडे ऐकवून घाबरवू नका. सुरुवात 10 मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांत नाडीच्या ठोक्यांवरून वेग ठरवता येत नाही, तिथे तर हीच खूण कामाची.

आता जागा. पश्चिमेकडे अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि मध्यावर महाराजबाग ही नावं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळतील. सेमिनरी हिल्सवर सावली सुरेख आहे, पण चढ आहेत. छातीत भरून येणाऱ्याला किंवा गुडघे झिजलेल्याला तिथे पाठवू नका. फुटाळ्याचा काठ सपाट आहे, पण संध्याकाळी खाण्याच्या गाड्या आणि गर्दी असते, म्हणून सकाळचीच वेळ लिहा. महाल-इतवारीच्या पेशंटला मात्र अंबाझरी सांगण्यात अर्थ नाही. तिथवर जायला दोन वाहनं बदलावी लागली की आठव्या दिवशी जाणं बंद होतं. त्याला गांधीसागरचा काठ जवळ, दक्षिणेकडच्याला रेशीमबागचं मैदान जवळ. उत्तर नागपुरात बऱ्याच वस्त्यांत बुद्धविहार हीच लोकांची जमण्याची जागा आहे. विहारातल्या कार्यकर्त्या बायकांशी एकदा जाऊन बोला. चार जणी एकत्र निघाल्या की पाचवीला घरातून कुणी अडवत नाही. हे माझं मत नाही, रोज पाहते ते सांगते.

योगासनांसाठी रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ इथे अनेक दशकांपासून आहे आणि शिकवण्याचे पैसे घेत नाही. खाजगी जिमची फी न परवडणाऱ्या पेशंटसाठी हा मोठा आधार आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या) कामातही योगवर्ग धरलेले आहेत, तुमच्या भागातल्या केंद्रात वार आणि वेळ विचारून ठेवा. पण पाठवण्याआधी चिठ्ठीवर काय करायचं नाही ते स्पष्ट लिहा. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झालेल्याला शीर्षासन आणि श्वास रोखून जोर लावणं नको. रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी तो आणा. शिकवणारी मंडळी मनापासून ऐकतात, फक्त त्यांना आपण सांगितलेलं असावं लागतं.

सिकलसेलबद्दल (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराबद्दल) सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे सांगलीला हा प्रश्न क्वचितच समोर यायचा. विदर्भात तो बऱ्याच घरांत भेटतो. कुणालाही जोराचा व्यायाम सांगण्याआधी, विशेषतः तरुणाला, त्याची किंवा भावंडांची सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर करून घ्या. वाहक असलेल्याला (अंगात दोष आहे, पण आजार नाही अशाला) व्यायाम बंद करायचा नाही. त्याने हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावं आणि उन्हात धावण्याच्या शर्यती टाळाव्यात. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली मुलं ‘धावलो की पाय भरून येतात’ म्हणाली, तर ते अंगावर काढू देऊ नका. प्रत्यक्ष आजार असलेल्याला दमछाक, शरीर कोरडं पडणं आणि थंड पाण्यात पोहणं, तिन्हींनी क्रायसिस (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना) येऊ शकतो. त्याच्यासाठी सावकाश चालणं, मधेमधे बसणं आणि सोबत पाण्याची बाटली, असंच लिहा.

आणि ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या आसपास जातो आणि नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या) दिवसांत तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. दिवाळीला सुरू झालेलं फिरणं इथे हमखास एप्रिलमध्ये तुटतं आणि पावसाळा आला तरी परत जुळत नाही. म्हणून उन्हाळ्याची वेगळी चिठ्ठी मार्चमध्येच द्या. मे महिन्यात इथे सूर्य सांगलीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, साडेपाचला उजेड असतो. साडेपाच ते साडेसहा एवढीच वेळ बाहेरची. ज्यांना तेही जमत नाही त्यांना घरात कूलरसमोर खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं शिकवा, आणि दवाखान्यातच करून घ्या. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या रक्तदाबाच्या पेशंटला उन्हाळ्यात चक्कर येते का हे प्रत्येक भेटीत विचारा. गोळीची मात्रा कमी करावी लागू शकते.

मधुमेहाच्या पेशंटपैकी बरेच जण पहाटे रिकाम्या पोटी निघतात. ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने गोळी-इंजेक्शन, न्याहारी आणि फिरणं यांचा क्रम तुमच्याकडून ठरवून घ्यावा आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. पायांना बधिरपणा असेल तर चप्पल घालून फिरणं बंद. मोजे-बूट हवेत, आणि घरी आल्यावर तळवे पाहायचे. फिरून परतताना चौकात तर्री पोह्यांची प्लेट होतेच. त्यावरून रागावू नका, आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या. छातीत दुखलं, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ गेली, तर जिथे असाल तिथे फिरणं थांबवायचं आणि लगेच रुग्णालय गाठायचं, हे घरच्यांसमोर सांगा.

तीन आठवड्यांनी फोन करा. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या दवाखान्यातली ताई करेल, ती तर इथलीच असते आणि तिच्याशी पेशंट जास्त मोकळेपणाने बोलतात. गेला नसेल तर का नाही ते विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: सकाळी नळ येतो, नातवाची शाळेची बस असते, रस्त्यावर कुत्री अंगावर येतात. अशा वेळी जागा किंवा वेळ बदला आणि नवी चिठ्ठी लिहून द्या.